लायनेलच्या जुन्या दिव्यांसाठी बल्ब: 53, 1445, 57 की एलईडी?

लायनेल या अमेरिकन कंपनीच्या 1950च्या दशकातल्या ओ गेज (रुळांचं एक माप) खेळण्यातल्या रेल्वे सेटमधले रस्त्याचे दिवे, फ्लडलाइट टॉवर, बीकन (फिरत्या डोक्याचे दीपस्तंभ) आजही छान चालतात. जातो तो बल्ब. नवा घेताना बहुतेक जण फक्त व्होल्ट बघतात. पण आधी बूड बघा, पिनचं आहे की आट्यांचं. मग अँपिअर बघा, कारण दिव्यावरची प्लॅस्टिकची टोपी वितळणार की टिकणार ते तिथे ठरतं.

53 नंबरचा बल्ब 14.4 व्होल्ट, 0.12 अँपिअरचा, म्हणजे जेमतेम पावणेदोन वॉट. ट्रान्सफॉर्मरवरून दिव्यांना जाणारी अॅक्सेसरीजची लाइन 14 व्होल्टवर ठेवली तर उजेड पूर्ण आणि टोपी सुरक्षित. त्याच काचेचा, त्याच पिनांचा 1445 मात्र 18 व्होल्टवरही चालतो. 14 व्होल्टवर तो आपल्या पूर्ण उजेडाच्या निम्म्याहून थोडा कमीच उजेड देतो, तोही पिवळसर, पण आयुष्य कैक पटीने वाढतं. फिलामेंटला व्होल्टेज दहा टक्के कमी दिलं तरी आयुष्य साधारण तिप्पट होतं. जुन्या गावाच्या देखाव्याला तो मंद पिवळा उजेडच शोभतो, म्हणून माझं मत 1445ला. आट्यांचं होल्डर असेल तर 1447 घ्या.

57 नंबरची काच मोठी, साधारण 14 मिलिमीटरची, आणि वॉट 53च्या दुप्पट. पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये खुशाल लावा, प्लॅस्टिकखाली नको.

अमेरिकेतून कुणी आणलेला सेट पुण्या-मुंबईत चालवत असाल, तर मोटरसायकलचा 12 व्होल्ट 4 वॉटचा पार्किंग बल्ब त्याच पिनांच्या होल्डरमध्ये चपखल बसतो. वायरिंग तपासायला उत्तम. पण 14 व्होल्टवर तो पाच वॉटपर्यंत जातो, तेव्हा लावून ठेवू नका.

एलईडीचा मोठा फायदा म्हणजे तो फारसा तापत नाही आणि करंटही नगण्य घेतो. चार दिव्यांच्या 395 नंबरच्या फ्लडलाइट टॉवरसारख्या ठिकाणी ट्रान्सफॉर्मरवरचा भार चांगलाच उतरतो. अडचण आहे ती एसीची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून येणाऱ्या, सतत दिशा बदलणाऱ्या विजेची. साधा एलईडी अर्ध्याच सायकलला पेटतो, त्यामुळे लुकलुकतो, आणि उलट दिशेच्या व्होल्टेजने लवकर मरतो. बुडातच ब्रिज रेक्टिफायर (वीज एकाच दिशेला वळवणारा भाग) असलेला घ्या. शिवाय 14 व्होल्ट एसीचं शिखर जवळपास 20 व्होल्टवर जातं. गाडीसाठीचे स्वस्त 12 व्होल्टी एलईडी तेवढं फार काळ सोसत नाहीत, म्हणून पाकिटावर 18-24 व्होल्ट एसी लिहिलेलं असेल तेच निवडा. रंग वॉर्म व्हाइटच हवा. थंड पांढऱ्याने 1950चं स्टेशन थेट दवाखान्याचा व्हरांडा वाटायला लागतं.

एका ठिकाणी मात्र एलईडीचा विषयच काढू नका: 394 बीकन. त्याच्यात मोटर नाही. बल्बच्या माथ्यावर एक खळी असते, बीकनच्या फिरत्या डोक्यातली सुई तिच्यावर टेकते आणि बल्बच्या उष्णतेने वर चढणारी हवा ते डोकं फिरवते. गार एलईडी लावला की दिवा पेटेल, पण डोकं जागचं हलणार नाही. तिथे खळीवाला फिलामेंट बल्बच शोधावा लागतो. 494 बीकन घ्यायचा विचार असेल तर ही भानगड नाही, त्याचं डोकं व्हायब्रेटर मोटरने फिरतं. त्यात एलईडी बिनधास्त चालेल.