कुर्डुवाडी जंक्शन: आठ महिने दर शुक्रवारी उतरल्यावर

आईचे उपचार बार्शीला सुरू झाले आणि मी पुण्यात नोकरीला. त्यामुळे आठ महिने माझा एकच नेम होता. शुक्रवारी संध्याकाळी पुणे-सोलापूर हुतात्मा एक्सप्रेस पकडायची, कुर्डुवाडीला उतरायचं, तिथून बार्शी. सोमवारी सकाळी त्याच गाडीने परत. जाऊन-येऊन साठेक वेळा तरी हे स्टेशन पायाखालून गेलं असेल. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयासाठी लांबून येणारे बरेच जण मला विचारतात की कुर्डुवाडीला उतरून जाणं जमेल का. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

जमतं. पण थोडी तयारी लागते.

पुण्याहून हे अंतर सुमारे 185 किलोमीटर. दौंड गेलं की भिगवणच्या बाजूला उजनीचं पाणी लागतं, जेऊरला करमाळ्याकडची मंडळी उतरतात, मग कुंकवासाठी प्रसिद्ध असलेलं केम. केम मागे पडलं की सामान दाराशी आणून ठेवा. कुर्डुवाडी मोठं जंक्शन असलं तरी गाडी फार वेळ थांबत नाही, आणि आजारी माणूस सोबत असेल तर ती दोन मिनिटं अंगावर येतात. आईला नेताना मी तिला आधीच उठवून दाराजवळच्या बाकावर बसवायची. परतीच्या गाडीत सोमवारी गर्दी असते, तेव्हा बसायचं आरक्षण आधीच करून ठेवा. फेब्रुवारी 2023 पासून सोलापूर-मुंबई वंदे भारतही इथे थांबते. तिचं तिकीट महाग आहे. पण केमोनंतरच्या आठवड्यात आईला पुण्याला आणायचं होतं, तेव्हा मी तीच घेतली आणि पैसे वसूल झाले असंच म्हणेन.

या गावाला स्टेशन आहे म्हणण्यापेक्षा स्टेशनामुळे हे गाव आहे म्हणणं जास्त खरं. जी.आय.पी. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला या इंग्रजांच्या काळातल्या रेल्वे कंपनीचा रूळ 1859 मध्ये इथवर आला आणि पुढच्या वर्षी सोलापूरला पोचला. पण बार्शीसारखी भरलेली बाजारपेठ त्या मार्गापासून वीसेक मैल बाजूला राहिली. म्हणून स्टेशनाचं नाव पडलं 'बार्शी रोड', म्हणजे इथे उतरा आणि पुढे बैलगाडीने जा! ही अडचण एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने हेरली. दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली अरुंद, म्हणजे नॅरोगेज लाइन टाकायची, आणि इंजिन असो की डबा, एका आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, असं त्याचं गणित होतं. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला की हलक्या, स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी धावली. 1906 मध्ये ती पंढरपूरला गेली, 1911 मध्ये लातूरला, 1927 मध्ये मिरजेला. एकूण सव्वातीनशे किलोमीटर. हाच कॅलथ्रॉप पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवण्यामागे लागला, हे वाचलं तेव्हा मला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटली.

आमच्याकडे त्या गाडीला सगळे 'बार्शी लाइट' म्हणायचे. 1954 मध्ये ती सरकारने घेतली, तरी नाव तेच राहिलं. आई लग्न होऊन पुण्याला आली ती याच गाडीतून. छोट्या गाडीतून उतरायचं, ट्रंक हमालाच्या डोक्यावर द्यायची, मोठ्या गाडीच्या फलाटावर जाऊन बसायचं. मालाचंही तेच. दोन्ही रुळांची रुंदी वेगळी, त्यामुळे पोतं न् पोतं एका वाघिणीतून दुसरीत हातांनी हलवावं लागे. कुर्डुवाडीचे हमाल, चहावाले, वर्कशॉपमधले कामगार, सगळ्यांची चूल या अदलाबदलीवर पेटली. 2001 नंतरच्या दशकात एकेक करत सगळे फाटे ब्रॉडगेज, म्हणजे मोठ्या गाडीच्या रुंदीचे झाले. 2008 मध्ये लातूरची बाजू जोडली गेली आणि जुन्या मार्गाने टाळलेलं उस्मानाबाद, आताचं धाराशिव, रेल्वेवर आलं. मराठवाड्यासाठी ही फार मोठी गोष्ट झाली, हे मी मनापासून म्हणते.

शुक्रवारी रात्री उतरल्यावर मला पुढे एसटी किंवा वडाप, म्हणजे शेअर जीप, हेच सोयीचं पडलं. बार्शी इथून पस्तीसेक किलोमीटर. पावसाळ्यात एकदा वाटेत एका छोट्या स्टेशनावर आमची गाडी तासभर उभी राहिली आणि कुर्डुवाडीला पोचेपर्यंत माझी एसटी निघून गेली होती. फलाटावर बार्शीचेच चौघे होते, त्यातले एक काका म्हणाले, "पोरी, एकटी नको थांबू, आमच्या जीपमध्ये ये." तेव्हापासून मी डब्यातच बार्शीला जाणारं कोण आहे ते विचारून ठेवायला लागले. एकट्या बाईने हे जरूर करावं. हुतात्माच्या वेळेला जोडून बार्शी-लातूरकडे रोज एक पॅसेंजर सुटली, तर या भागातल्या पेशंटचे किती हाल वाचतील! माझी ही एक मागणी आहे.

आषाढीच्या आठवड्यात मात्र वेळ हाताशी ठेवूनच निघा. पंढरपूर इथून बावन्न किलोमीटर, त्यामुळे फलाटभर बोचकी, टाळ, डोक्यावर तुळस. मला पाय ठेवायला जागा नव्हती, पण एक आजी सरकून म्हणाल्या, "बस माउली, टेक जरा." आई आजारी आहे हे कळल्यावर त्यांनी गळ्यातली माळ कपाळाला लावून विठ्ठलाचं नाव घेतलं. त्या रात्री मी बार्शीला पोचले ती जरा हलकी होऊनच.

गेल्या महिन्यात उपचार संपले. आईला पुण्याला आणताना मुद्दाम लातूर-मुंबई गाडीचं तिकीट काढलं. बार्शीला बसायचं ते थेट पुणे. मध्यरात्र उलटून गेली होती. कुर्डुवाडीचे दिवे दिसले तशी आई उठून बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

"उतरायचं ना?"

"नाही गं आई, हीच गाडी पुढे जाते."

"बदलायची नाही?"

"नाही."

तिने मान हलवली. पण गाडी सुटेपर्यंत पिशवी काही खाली ठेवली नाही.