तोरणमाळची चढण आणि वारुळावरची अळंबी

भाद्रपदाच्या अखेरीस एका गटाबरोबर नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळच्या सीताखाई या दरीलगतच्या एकदिवसीय चढाईला आम्ही १२ जण गेलो, आणि शुल्क वसूल झाले ते मुख्यतः सोबतच्या पावरा या आदिवासी समाजातील वाटाड्यामुळे. वारुळाजवळची अळंबी उपटण्याऐवजी त्यांनी बोटांनी माती सारून, मुळासारखा खोल वारुळात उतरलेला तिचा लांब देठ दाखवला आणि ओळख न पटलेली एकही छत्री टोपलीत पडू दिली नाही. शिजवल्याने प्रत्येक विष मरत नाही, हे त्यांनी दोनदा बजावले. निसरड्या कातळावर मात्र आयोजकांकडे एकच दोर होता, ही हयगय अक्षम्य वाटली. अळंबीच्या रश्शाबरोबरची कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी उत्तम होती, फक्त ती मिळायला साडेतीन वाजले.