पादोव्हातील दोन जॅकेटे आणि माझे १५० युरो

बत्तीस वर्षे बँकेच्या रोख खिडकीवर बसून लोकांच्या नोटा मोजलेल्या माणसाला परदेशातल्या भर रस्त्यात, दिवसाढवळ्या कोणी १५० युरोंना गंडवावे, हे लिहायला माझा हात धजत नव्हता. "बाबा, जाऊ द्या, कोणाला सांगू नका," असे मुलगीही म्हणाली. परंतु माझ्यासारखे लोक लाजेपोटी गप्प बसतात म्हणूनच या मंडळींचा धंदा चालतो, हे लक्षात आल्यावर लिहायला बसलो.

मुलगी इटलीत पादोव्हा येथे संशोधन करते. जुलै २०२४ मध्ये आम्ही उभयता महिनाभर तिच्याकडे होतो. त्या गुरुवारी ती कामावर गेली आणि बाजारहाट माझ्याकडे आला. एटीएममधून २०० युरो काढायचे, तिच्या कसल्याशा अर्जाला लावायचा १६ युरोंचा मुद्रांक आणायचा (तिकडे मुद्रांक तंबाखूच्या दुकानात मिळतात), भाजी आणि चीज घ्यायचे, आणि वसईच्या आमच्या शेजारणीने निघताना बजावून सांगितल्याप्रमाणे संत अंतोनींच्या बॅसिलिकेत, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, तिच्या नावाने मेणबत्ती लावायची, एवढीच कामे होती.

पियाझ्झा देल्ले एर्बेच्या भाजीबाजारात मी सवयीने जर्दाळू दाबून पाहिले, तर भाजीवाली माझ्यावर अशी डाफरली की शेजारची गिऱ्हाइके वळून पाहू लागली. तिथे फळाला गिऱ्हाइकाने हात लावायचा नसतो. मात्र तिने वजन चोख केले, आपल्याकडे कोथिंबीर टाकतात तशी पार्सली आणि सेलरीची काडी पिशवीत फुकट टाकली आणि ११ युरो ४० सेंटच घेतले. चौकालगतच्या जुन्या न्यायमंदिराखाली दुकानांची रांग आहे, तिथे चीजचे १४ युरो ६० सेंट झाले. पाकिटात बरोबर १५८ युरो उरले. हा हिशेब मला तोंडपाठ आहे, कारण नंतर तो मला तीन ठिकाणी सांगावा लागला.

भाजी घरी ठेवून मग बॅसिलिकेत जावे म्हणून प्रातो देल्ला वाल्ले या मोठ्या चौकाच्या कडेने चाललो होतो. साडेअकराचे ऊन होते आणि दोन्ही हातांत पिशव्या होत्या. एक करड्या रंगाची गाडी शेजारी थांबली, काच खाली आली आणि आतल्या पन्नाशीच्या, इस्त्रीचा शर्ट घातलेल्या गृहस्थाने मला विमानतळाकडे जाणारा रस्ता विचारला. इटालियन माणूस पिशव्या घेतलेल्या भारतीयाला रस्ता का विचारील, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. उलट, आपण इथले वाटतो याचे थोडे बरेच वाटले. कुठले, असे त्याने विचारले. मी मुंबई म्हणताच तो उजळला. आमच्या कंपनीचे कार्यालय वांद्र्याला आहे, तुमची माणसे फार चांगली, असे म्हणून त्याने माझा हात हातात घेतला. मुंबईचे नाव मीच आधी घेतले होते, हे मला संध्याकाळी आठवले.

पुढचे तुम्ही ओळखलेच असेल. तो म्हणे चामड्याच्या वस्तूंचे प्रदर्शन आटोपून निघाला होता, नमुन्याची दोन जॅकेटे उरली होती, विमानात सामानाचे पैसे पडतात, त्यापेक्षा मुंबईच्या मित्राला भेट. मी नको नको म्हणेपर्यंत जॅकेटांची पिशवी माझ्या मनगटात अडकली होती. मग आवाज खाली आणून त्याने सांगितले की कार्ड चालत नाही, पेट्रोल संपत आले आहे, २०० युरोंची मदत झाली तर बरे.

इथे मी थांबायला हवे होते. त्या गाडीचे इंजिन सगळा वेळ चालू होते. दहा मिनिटे तो खिडकी उघडी ठेवून बोलत होता आणि आतला एसी एवढ्या जोरात होता की त्याचा गारवा माझ्या घामेजल्या हाताला लागत होता, मला तो सुखद वाटत होता, आणि त्याच गारव्यात उभा राहून मी त्याचे पेट्रोल संपल्याचे ऐकून घेत होतो! शेजारणीचा डबासुद्धा रिकामा परत करू नये अशा घरात मी वाढलो. अंगावर भेट पडली की हात आपोआप खिशाकडे जातो, आणि तो भामटा हेच ओळखून होता. त्याने आधी मागितले असते तर मी दमडी दिली नसती. मी १५० दिले, म्हणजे तेव्हाचे साधारण १३,५०० रुपये, आणि वर ५० कमी दिल्याबद्दल त्याची क्षमा मागितली.

घरी पत्नीने जॅकेट नाकाशी नेले आणि म्हणाली, "अहो, हे रेक्झिन आहे."

पोलिसांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा इंग्रजी येणारा अधिकारी उद्या सकाळी भेटेल असे कळले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ठाण्यात गेलो, तिथे तासभर बसवून ठेवल्यावर सांगण्यात आले की तुम्ही पैसे राजीखुशीने दिले, बदल्यात वस्तू मिळाली, ही तर खरेदी झाली. गाडीचा क्रमांक? मला जर्दाळूंचा भाव आठवत होता, क्रमांक नाही. कोणी साक्षीदार? प्रातोच्या कालव्याकाठी ७८ दगडी पुतळे उभे आहेत, त्यांच्याखेरीज कोणी नव्हते. मग तिथल्या अधिकाऱ्याने जॅकेटाच्या आतली नामांकित कंपनीची चिठ्ठी पाहिली आणि शांतपणे म्हणाला की नकली माल घेणाऱ्यालाही इथे ७,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे फसलो मी, आणि दंडाची भीतीही मलाच! प्रवास विम्याच्या मदत क्रमांकावर चाळीस मिनिटे गाणे ऐकवून सांगितले की चोरीची भरपाई मिळते, स्वहस्ते दिलेल्या रकमेची नाही. मग हप्ता कशाचा घेतला होता?

तुम्हाला तिकडे कोणी गाडीतून रस्ता विचारला तर चालत राहा, उद्धट ठरलात तरी चालेल. हातात काही अडकवले तर ते जमिनीवर ठेवा. आधी क्रमांकाचा फोटो काढा, दया नंतर करा. आणि पोलिसांकडे जायचेच असेल तर भाषा येणारे माणूस बरोबर न्या. साध्या फसवणुकीत 'कारवाई व्हावी अशी माझी इच्छा आहे' असे तक्रारीत नोंदवावे लागते, तेही तीन महिन्यांच्या आत. हे मला दोन्ही ठाण्यांत कोणी सांगितले नाही, मुलीच्या सहकाऱ्याने सांगितले.

अखेर मुलीने रजा काढली आणि तिसऱ्या खेपेला, दोन तास वीस मिनिटांनी, अज्ञात इसमाविरुद्धची तक्रार नोंदवून घेतली गेली. अधिकारी एकेक रकाना विचारत टंकत होता. व्यवसाय विचारल्यावर मुलीने खाली पाहत 'निवृत्त बँक कर्मचारी, रोख विभाग' असे सांगितले, तेव्हा त्याची बोटे थांबली. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा टंकू लागला.