जेजे ईएल३४ पॉवर ट्यूब: पावसाळा, गणपती आणि रात्री चढणारा व्होल्टेज

माझ्या मार्शल २२०४ या ट्यूबवाल्या गिटार अँपला जेजे कंपनीच्या ईएल३४ पॉवर ट्यूबची मॅच्ड जोडी (सारखा करंट घेणाऱ्या दोन ट्यूब) पावसाळ्याच्या तोंडावर बसवली. आता दिवाळी उलटून गेली. मधल्या काळात खानापूरच्या ओल्या हवेत प्रॅक्टिस झाली, गणपतीत बेळगाव, निपाणी, चिकोडी असे ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम झाले. जोडी ठणठणीत आहे. मात्र ती टिकली यात ब्रँडपेक्षा बायसचा, म्हणजे काही वाजत नसताना ट्यूबमधून किती करंट वाहू द्यायचा त्या सेटिंगचा, वाटा मोठा आहे, असं माझं ठाम मत झालंय.

आमचा कीबोर्डवाला दुसऱ्या जातीच्या पॉवर ट्यूबबद्दल सांगत होता, "दादा, ६एल६ घाल की, क्लीन लई छान येतो." क्लीन, म्हणजे न फाटलेला आवाज, छान येतो हे खरं. पण आम्ही लावणीपासून रॉकपर्यंत सगळं वाजवतो. ढोलकी, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या गर्दीतून गिटार वर काढायला ईएल३४ चा मधला आवाजच कामाला येतो. शिवाय ६एल६ चा बायस वेगळा, त्यासाठी सर्किटमध्ये हात घालावा लागू शकतो. उलट, ६एल६ साठी बनवलेल्या अँपमध्ये ईएल३४ घालायची असेल तर आधी ट्रान्सफॉर्मर बघा. ६एल६ चा हीटर (ट्यूब आतून तापवणारी तार) ०.९ अँपिअर घेतो, ईएल३४ चा १.५; तेवढा करंट ट्रान्सफॉर्मरला झेपला पाहिजे.

आता बायस. प्रत्येक ट्यूबच्या ८ नंबरच्या पिनेपासून ग्राउंडपर्यंत १ ओहमचा रेझिस्टर टाकून घेतलाय. त्यामुळे मीटरवर जेवढे मिलीव्होल्ट दिसतात तेवढेच मिलीअँप. ईएल३४ ची प्लेट (ट्यूबमधला करंट गोळा करणारा पत्रा) जास्तीत जास्त २५ वॉट सोसते आणि त्याच्या ७० टक्क्यांवर, म्हणजे साडेसतरा वॉटवर, बायस लावायची पद्धत आहे. संध्याकाळी सगळ्यांचे पंप, मिक्सर चालू असताना घरात २१५ व्होल्ट होते, प्लेटवर ४२५. हिशेबाने ४१ मिलीअँप लावले. रात्री अकरानंतर पुन्हा मीटर लावला तर भिंतीत २४५, प्लेटवर ४८०, आणि करंट ४८ वर! गुणाकार करा, २३ वॉट होतात. त्यातला थोडा करंट स्क्रीनचा, म्हणजे प्लेटच्या आतल्या जाळीचा असतो, तरी ट्यूब कडेलाच आलेली. आधीच्या जोडीतल्या एका ट्यूबची प्लेट अंधारात लालसर का दिसायची, ते तिथे उलगडलं. हीटरलाही ६.३ व्होल्ट हवेत, तेही त्याच प्रमाणात चढतात.

म्हणून रात्रीच्या व्होल्टेजवरच ३६ मिलीअँप लावून टाकले. संध्याकाळी ते ३० च्या आसपास उतरतात. आवाज किंचित कोरडा होतो, मास्टर व्हॉल्यूम वर केला की तेवढंही जाणवत नाही. गणपतीच्या मंडपात कधी जनरेटर, कधी लांबून ओढलेली वायर; तिथे हा मोकळा राखलेला फरकच ट्यूबला सांभाळतो. लाईट गेली की मी लगेच अँप बंद करतो, येतानाचा पहिला झटका त्याला खाऊ देत नाही.

आवाजाबद्दल: खालचा आवाज भरीव, वरचा थोडा मऊ. पहिल्या महिन्यात प्रेझेन्स (वरचा आवाज उजळ करणारं बटण) वाढवावा लागला, आता सवय झाली. करकर नाही, शिट्टी नाही. पावसाळ्यात खरखर झाली ती सॉकेटच्या पिनांवर चढलेल्या ओलीमुळे. अँप पूर्ण बंद ठेवून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, थांबली. चोर्ला घाटातून गोव्याला गेलो तेव्हा कार्यक्रम संपल्यावर ट्यूब हाताला गार लागेपर्यंत टेंपोवाल्या मामांना थांबवून ठेवलं. तापलेल्या ट्यूबच्या आतल्या तारा गचक्यांनी हलतात. काचेच्या टोकावरचा चंदेरी डाग पांढरा पडला तर समजा हवा शिरली, ती ट्यूब गेली.

स्वतः उघडणार असाल तर नीट ऐका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ४०० च्या वर व्होल्ट साठलेले असू शकतात. ते उतरवून, मीटरने खात्री करूनच हात घाला. ते जमत नसेल तर जाणत्या मेकॅनिककडे द्या. स्पीकर न जोडता अँप कधीच चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

पुढची जोडीही हीच घेणार. तुम्ही घेताना दोन्ही ट्यूबचे मॅचिंगचे आकडे खोक्यावर लिहिलेत का बघा. बसवल्यावर दोघींत चार-पाच मिलीअँपपेक्षा जास्त फरक दिसला, तर दोघींच्या जागा बदलून पुन्हा मोजा. फरक ट्यूबबरोबर सरकला तर जोडी परत करा, जागेवरच राहिला तर अँप दाखवा.