किक न मारणारा मेकॅनिक

बडोद्यात वर्षातले आठ-दहा महिने कुलूप लागलेली घरं काही कमी नाहीत. मुलं परदेशात, आईवडील अधूनमधून तिकडे, आणि इथे पार्किंगच्या कोपऱ्यात जुनी चादर पांघरून उभी असलेली ॲक्टिव्हा. दिवाळीनंतर मंडळी परततात, चादर झटकतात, किल्ली फिरवून बटण दाबतात आणि स्टार्टर एकदा ‘टक्’ करून गप्प बसतो. अशाच गाड्या घरी येऊन सुरू करून देणारं एक गॅरेज दांडिया बाजाराच्या आतल्या गल्लीत आहे. पाटी नाही, माणसं दोन, सामान एका पिशवीत मावेल एवढं. हे परीक्षण त्या सेवेचं आहे. पाचपैकी चार गुण देतो. एक का कापला ते पुढे येईलच.

चार गुणांतले दोन तर त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे आहेत. गाडीकडे बघायच्या आधी मिस्त्री विचारतो, “केटला महिनाथी ऊभी छे?” दोन महिने, दहा महिने आणि तीन वर्षं ही तीन वेगळी कामं आहेत, हे त्याला माहीत आहे. उत्तर मिळेपर्यंत तो किकला पाय लावत नाही. नाक्यावरचा कुठलाही मेकॅनिक आधी वीस-पंचवीस किका मारतो, मग घाम पुसत ‘प्लग गेला’ म्हणतो. उभ्या गाडीचं खरं नुकसान त्या पंचवीस किकांत होतं. सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल कधीच खाली उतरलेलं असतं, त्यामुळे पिस्टनच्या रिंगा कोरड्या घासतात. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, तळाशी बसलेला चिकट गाळ ओढला जाऊन नेमका पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक जेटमध्ये अडकतो. तोवर नुसती आजारी असलेली गाडी आता कार्ब्युरेटर खोलल्याशिवाय उठत नाही.

म्हणून इथे पहिलं काम पेट्रोल काढण्याचं. कार्ब्युरेटरवाल्या ॲक्टिव्हात पेट्रोलचा कॉक व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन फिरलं, ओढ निर्माण झाली, तरच तो उघडतो. नुसती नळी काढून पेट्रोल येत नाही. हा माणूस कॉकच्या व्हॅक्यूमच्या बारीक नळीला औषधाच्या दुकानात मिळणारी मोठी सिरिंज लावतो, दांडा मागे ओढून धरतो आणि दुसऱ्या नळीतून पेट्रोल काचेच्या बरणीत वाहू लागतं. त्यातलंच दोनशे मिली वेगळं ठेवतो. अर्ध्या तासाने बरणी उजेडात धरली की निदान समोर असतं. ताजं पेट्रोल फिकट आणि झोंबऱ्या वासाचं असतं, शिळं पिवळट-तपकिरी आणि वार्निशसारखा जड वास मारणारं. तळाशी वेगळा, जरा गढूळ थर दिसला तर ते पाणी आणि इथेनॉल.

हा थर का तयार होतो, तेही सांगायला हवं. आता पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतली ओल शोषतं. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं. बडोद्याचा चार महिन्यांचा पावसाळा त्यातून आत जातो. शोषण्याची मर्यादा संपली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात, आणि नळीचं तोंड असतं तेही तळालाच. वर उरलेल्या पेट्रोलमधला पटकन पेटणारा हलका भाग तोवर उडून गेलेला असतो. कोयलीची रिफायनरी गावाच्या वेशीवर असली म्हणून टाकीतलं पेट्रोल काही ताजं होत नाही! ‘नवीन एक लिटर टाका, मिसळून जाईल’ हा सल्ला दोन-तीन महिन्यांच्या गाडीला एक वेळ चालेल. दहा महिन्यांच्या गाडीला अजिबात नाही. तळाला थर दिसला तर पूर्ण टाकी रिकामी करायची, आणि काढलेलं पेट्रोल गटारात ओतायचं नाही. हे लोक ते बंद डब्यात भरून सोबत नेतात, हे आवडलं.

पेट्रोल निघालं की प्लग. प्लगच्या भोकातून सिरिंजनेच तीन ते पाच मिली इंजिन ऑईल आत, पाच मिनिटं थांबायचं, मग प्लग बाहेरच ठेवून किक हाताने सावकाश दहा-बारा वेळा दाबायची. किक दगडासारखी घट्ट लागली तर जोर करायचा नाही. रिंगा गंजून भिंतीला धरलेल्या असतात, ऑईल रात्रभर मुरू द्यायचं. स्पार्क बघताना प्लग भोकापासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवायचा आणि पेट्रोलची बरणी दहा पावलं लांब ठेवायची. ठिणगी निळी आणि कडक आवाजाची हवी. पिवळी, लोळणारी आली तर आधी प्लगची टोपी आणि अर्थिंगचा गंज बघतात, ठिणगीला वीज पुरवणाऱ्या कॉइलवर लगेच घसरत नाहीत. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या स्कूटरना प्लगच्या टोकांमधली फट बहुधा ०.६ ते ०.७ मिमी लागते आणि इथे ती डोळ्याने न मोजता फिलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, मोजतात. नवा प्लग हाताने टेकेपर्यंत आणि पान्याने अर्धा फेरा, बस.

कार्ब्युरेटरचं काम मात्र बघत उभं राहावं असं आहे. बरेच दिवस उभी राहिलेली स्कूटर चोकवर सुरू होते पण चोक काढला की विझते, अशी तक्रार असेल तर दोष जवळजवळ नेहमी पायलट जेटचा, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना पेट्रोल पुरवणाऱ्या जेटचा, असतो. पितळेची बोटाच्या पेरापेक्षा लहान काडी, आणि मधलं भोक साधारण ०.३५ ते ०.४ मिमी. सुकलेल्या पेट्रोलचा एक पापुद्रा त्याला पुरतो. मिस्त्री जेट काढून ट्यूबलाइटकडे धरतो. आत सुईच्या टोकाएवढा गोल उजेड दिसायला हवा. चंद्रकोरीसारखा दिसला तर अर्धं बुजलं आहे, आणि लांबट दिसला तर पूर्वी कुणीतरी आत स्टीलची सुई घातली आहे. असा जेट टाकून नवाच घालावा लागतो, कारण भोक एकदा मोठं झालं की गाडी कायम जास्त पेट्रोल पिते. इथे कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून दहा मिनिटं ठेवतात, मग कॉम्प्रेसरची हवा. फार हट्टी असेल तर वायरमधली तांब्याची एक तार. तांबं पितळेपेक्षा मऊ, म्हणून भोक खरवडत नाही. जेटच्या अंगावरची आडवी बारीक छिद्रंही मोकळी करतात, जी बहुतेक जण विसरतात.

स्प्रे मारण्याआधी ओ-रिंग, फ्लोटची सुई आणि वरचा रबरी पडदा काढून बाजूला ठेवतात. कार्ब क्लीनर रबर फुगवतो. फुगलेला पडदा परत बसत नाही आणि मग पाचशेच्या कामाला दीड हजार लागतात. हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चरचा स्क्रू काढताना तो आधी हलक्या हाताने आत टेकवून किती फेरे होते ते खडूने फरशीवर लिहितात. अडीच लिहिलं की अडीचवरच परत. ही खडूची सवय फार मोलाची!

बॅटरीबाबत त्यांची शिस्त चांगली आहे, पण तिला वेळ लागतो. मल्टिमीटरवर काहीही न जोडता १२.६ व्होल्ट किंवा जास्त दिसले तर बॅटरी भरलेली, १२.२ च्या आसपास अर्धी. १०.५ च्याही खाली गेली असेल तर ते बहुधा थेट नवी घ्यायला सांगतात, आणि ते बरोबर आहे. इतक्या खोल गेलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट बसतं आणि चार्ज घेतल्यासारखं करून ती दुसऱ्या दिवशी मान टाकते. मधल्या बॅटऱ्या गॅरेजमध्ये नेऊन रात्रभर लावतात. चार्जिंग क्षमतेच्या एक दशांशाने, म्हणजे ४ एएचच्या (अँपियर-अवरच्या) बॅटरीला ०.४ अँपियर. मोटारींच्या बॅटरीचा पाच अँपियरचा चार्जर लावून तासाभरात काम उरकणारे पुष्कळ आहेत, आणि त्यात छोट्या बॅटऱ्या फुगून मरतात. परत बसवल्यावर स्टार्टर दाबताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जाता कामा नये, आणि इंजिन सुरू झाल्यावर ते १३.५ ते १४.५ दरम्यान दिसायला हवं. दोन्ही आकडे मालकाला दाखवतात. नाही दाखवले तर मागा.

जोडणी झाली की एक लिटर ताजं पेट्रोल, चोक ओढलेला, ॲक्सिलरेटर सोडलेला. पाच सेकंद स्टार्टर, तीस सेकंद विश्रांती. तीन-चार प्रयत्नांत गाडी बोलते. सुरुवातीला निळसर धूर येतो तो प्लगच्या भोकातून घातलेल्या ऑईलचा. दोन-तीन मिनिटांत जातो. सुरू झाल्याच्या आनंदात रेस द्यायची नाही. गरम झाल्यावर जुनं इंजिन ऑईल काढून नवं, बहुतेक स्कूटरना ७०० ते ८०० मिली.

कधी कधी एवढं सगळं करूनही गाडी उठत नाही आणि दोष भलतीकडेच निघतो. कुंभारीण माशी सायलेन्सरच्या तोंडात किंवा टाकीच्या हवेच्या छिद्रात मातीचं घर बांधते. पहिल्या प्रकारात गाडी सुरूच होत नाही, दुसऱ्यात सुरू होऊन पाच-सात मिनिटांनी मरते, आणि टाकीचं झाकण उघडताना ‘फुस्स’ असा आवाज येतो. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराची चिंध्यांची गादी निघणं तर नेहमीचंच. हे गॅरेज डबा उघडून बघतं. त्यासाठी वेगळे पैसे घेत नाही.

विश्वामित्रीच्या पुरात उभ्या राहिलेल्या गाड्या हा वेगळा विषय. ऑगस्ट २०२४ मध्ये शहरातली कित्येक पार्किंगं पाण्याखाली होती. अशा गाडीला किल्लीसुद्धा लावायची नाही. ऑईलची डिपस्टिक काढून बघा. ऑईल चहासारखं दुधाळ दिसलं तर आत पाणी आहे. ऑईल दोनदा बदलावं लागतं, प्लग काढून पाणी बाहेर फेकावं लागतं. हे काम ते घरी करत नाहीत, टेम्पोत घालून गॅरेजमध्येच न्यायला सांगतात. योग्य आहे.

आता कापलेला गुण. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) स्कूटरमध्ये कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर आहे, आणि तिथे हे लोक उघडे पडतात. किल्ली फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंपाची घरघर ऐकणं, फ्यूज तपासणं, साइड स्टँडचा स्विच बघणं इथवर येतं. त्यापुढचे दोष वाचणारा स्कॅनर त्यांच्याकडे नाही. तरी इंजेक्टर क्लीनरची बाटली सरसकट गळ्यात मारतात. पंप घरघरत असेल, पेट्रोल ताजं असेल आणि बॅटरी ठीक असेल तर ती बाटली नको म्हणा आणि गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या. दुसरी तक्रार ब्रेकची. मागचे ब्रेक शू गंजून ड्रमला चिकटलेले असू शकतात आणि टायरमधली हवा तर उतरलेली असतेच, पण आपणहून ते बघत नाहीत. आधीच सांगून ठेवा.

घरी येण्याचे दीडशे, कार्ब्युरेटर खोलून साडेतीनशे, सामान वेगळं. पक्कं बिल मागितलं तरच मिळतं. जाताना एक सल्ला फुकट देतात: पुढच्या वेळी परदेशी निघण्याआधी फ्लोट चेंबरचा, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीचा, खालचा स्क्रू सोडून पेट्रोल काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, गाडी मेन स्टँडवर लावा आणि प्लास्टिकऐवजी सुती चादर घाला, कारण प्लास्टिकखाली ओल कोंडते. शेजाऱ्याला ‘आठवड्यातून दोन मिनिटं सुरू करा’ असं सांगून जाऊ नका. दोन मिनिटांत बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी मात्र साठतं. फिरवायचीच तर पंधरा-वीस मिनिटं नीट फिरवायला सांगा.

फोन सकाळी दहाच्या आत करा, दुपारनंतर उचलत नाहीत. आणि १४ व १५ जानेवारीला फोन करूच नका. उत्तरायण आणि वासी उत्तरायण, दोघेही गच्चीवर असतात.