जेम पोर्टल: छोट्या पुरवठादाराच्या नजरेतून (5 पैकी 3 स्टार)

जळगाव एमआयडीसीत आमचं चटईचं युनिट आहे, शाळा, वसतिगृहं, अंगणवाड्यांना माल देतो. जेम (सरकारी कार्यालयांनी ऑनलाइन खरेदी करायचं केंद्राचं पोर्टल) 2016 ला सुरू झालं आणि 2017 च्या वित्तीय नियमांत नियम 149 आला, त्यानंतर केंद्राच्या कार्यालयांना तिथूनच घेणं बंधनकारक झालं. हे फार चांगलं झालं भो. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर बहुतेक बिडला, म्हणजे पोर्टलवरच्या टेंडरला, ईएमडी (अनामत रक्कम) भरावी लागत नाही, एल वन (सगळ्यात कमी दर देणारा) कोण ते सगळ्यांना दिसतं, अपात्र ठरवलं तर कारण लिहावं लागतं. पूर्वी टेंडरचा लिफाफा कुणी कधी उघडला तेच कळायचं नाही.

मग दोन स्टार का कापले? कारण खरा खेळ बिड पोर्टलवर चढायच्या आधीच होऊन जातो. एका वसतिगृहाच्या बिडमध्ये चटईची जाडी, वजन, विणीची पद्धत, सगळं असं लिहिलेलं की एकाच कारखान्याचा माल बसेल, आणि त्यांचा माणूस महिनाभर साहेबांच्या केबिनमध्ये बसून होता हे गेटवरच्या शिपायालाही माहीत! पण कोण कुणाला भेटलं, काय बोलणं झालं, याची नोंद कुठेच नाही, पोर्टलवर तशी जागाच नाही.

आपल्याकडे लॉबिंगसाठी (निर्णय आपल्या बाजूनं वळवायला अधिकाऱ्यांना भेटून पटवणं) वेगळा कायदा नाही, आणि सार्वजनिक खरेदीचं 2012 चं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं ते तसंच बारगळलं. लाच दिली-घेतली तर कायदा आहे, 2018 पासून देणाराही सरळ गुन्हेगार आहे, पण नुसतं गोड बोलून अटी फिरवल्या तर काय? न्यूयॉर्क राज्यात 2006 पासून टेंडर निघाल्यापासून ठेका मिळेपर्यंत ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याशीच बोलता येतं आणि खरेदीवर प्रभाव टाकायला कुणी संपर्क केला तर कार्यालयाला त्याची नोंद करावी लागते. मी तर म्हणतो आपल्याकडे ही नोंद अटी लिहायला घेतल्या त्या दिवसापासून हवी आणि ती बिडसोबतच सगळ्यांना दिसावी, म्हणजे धुळे-नंदुरबारचा लहान माणूसही बघेल की आपल्या आधी कोण येऊन गेलंय.

नवीन लोकांनी एक करा, अटी संशयास्पद वाटल्या तर बिड निघाल्यापासून चार दिवसांच्या आत पोर्टलवरच रिप्रेझेंटेशन (लेखी हरकत) टाका. साहेबांना फोन करत बसू नका, त्याचा कागद राहत नाही.