गोंडोलाला मधे स्टेशन आहे का? गुलमर्ग, व्हिसलर, स्टीमबोट आणि किकिंग हॉर्स

स्कीइंगला कुठे जायचं हे ठरवताना बहुतेक जण आधी डोंगर किती उंच आणि हॉटेल केवढ्याला तेच बघतात. सगळेच पट्टीचे स्कीअर असतील तर ठीक आहे. पण एक जण तयार, दोघं नवशिके, एक सात वर्षांची मुलगी आणि नुसता बर्फ बघायला आलेली आजी असा आपला नेहमीचा लवाजमा असेल तर आधी लिफ्टचा नकाशा उघडा, गोंडोलाला (दोरावरून जाणाऱ्या बंद केबिनच्या लिफ्टला) मिड-स्टेशन, म्हणजे मधे उतरायचं स्टेशन, आहे का बघा आणि तिथे उतरून करायला काय आहे तेही बघा. यावरच तुमचा दिवस एकत्र जाणार की प्रत्येक जण एकेका टोकाला अडकून बसणार हे ठरतं.

गुलमर्गपासून सुरुवात करू, कारण आपल्यातल्या बहुतेकांचा पहिला गोंडोला तोच असतो. फेज वन १९९८ ला सुरू झाली, साधारण २,६५० मीटरवरून कोंगडूरीला साधारण ३,१०० मीटरवर नेते, आणि २००५ ला आलेली फेज टू तिथून अफरवतला जवळपास ३,९५० मीटरवर. कोंगडूरी हे मधलं स्टेशन आहे खरं, पण तिथे केबिन बदलावी लागते, पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं, आणि दोन्हीची तिकिटंही वेगळी. याचा त्रास होतो पण मोठा फायदाही आहे, वर वारा सुटला किंवा हिमस्खलनाचा धोका असला की फेज टू बंद ठेवून फेज वन चालू ठेवता येते, म्हणजे दिवस अगदीच वाया जात नाही. शिकणाऱ्यांनी खाली मैदानालगतच्या उतारांवरच राहावं, थोडं जमायला लागलं की कोंगडूरी, आणि अफरवतचा वरचा भाग फक्त तयार लोकांसाठी, तिथे मशीनने सपाट केलेले रन (स्कीचे ठरलेले उतार) नाहीत, सगळा मोकळा डोंगर आहे आणि तो गंभीरपणेच घ्यायला हवा. "फेज टू केली नाही तर गुलमर्ग कसलं" असं म्हणून आजीला ३,९५० मीटरवर नेण्याचा हट्ट मात्र करू नका, त्या उंचीवर धाप लागते आणि कोंगडूरीतूनही डोंगर सुंदरच दिसतात.

कॅनडातल्या व्हिसलरचं गणित वेगळं. व्हिलेज गोंडोला १९८८ चा, त्याच्या मधे ऑलिम्पिक स्टेशन, आणि नवशिक्यांची जागा तिथेच. गाव जेमतेम ६७५ मीटरवर असल्यामुळे खाली बरेचदा पाऊस पडत असतो, शिकणारा माणूस मधे उतरला की निदान बर्फात तरी असतो, आणि संध्याकाळी खालच्या चिखलातून पाय मोडत येण्यापेक्षा मधूनच केबिनमध्ये बसून खाली येतो. शेजारच्या ब्लॅककॉम्ब डोंगरावर आधी विझार्ड आणि सोलर कोस्टर अशा दोन चेअरलिफ्ट (दोराला टांगलेल्या उघड्या खुर्च्या) होत्या, एकीतून उतरून दुसरीच्या रांगेत लागायचं, तेही पावसात भिजून. २०१८ मध्ये दोन्ही काढून दहा सीटचा, तासाला ४,००० माणसं नेणारा एकच गोंडोला मधल्या स्टेशनसकट बसवला. एक तोटा सांगतो, गोंडोलात दर वेळी स्की काढून हातात घ्याव्या लागतात, चेअरवर तशाच बसता, त्यामुळे सारख्या चकरा मारणाऱ्यांना चेअरच आवडते.

अमेरिकेत कोलोरॅडोतलं स्टीमबोट मला या चौघांत सगळ्यात विचार करून केलेलं वाटतं. तिथला वाइल्ड ब्लू गोंडोला दोन टप्प्यांत बांधला, २०२२ मध्ये पायथ्यापासून ग्रीनहॉर्न रँच या शिकण्याच्या जागेपर्यंत आणि २०२३ मध्ये तिथून सनशाइन पीकपर्यंत. एकूण पाच किलोमीटर आणि तेरा मिनिटांच्या आत वर. केबिन मधल्या स्टेशनातून तशीच पुढे जाते, बदलावी लागत नाही, म्हणजे मुलगी मधे उतरते आणि बाबा त्याच केबिनमधून पुढे.

कॅनडातल्याच किकिंग हॉर्सचा गोल्डन ईगल गोंडोला मात्र २००० सालापासून खालून थेट वर जातो, मधे कुठेच थांबत नाही. वरचा डोंगर अप्रतिम आहे, वरून खालपर्यंत येणारा एक लांब ग्रीन (म्हणजे सोपा) रनसुद्धा आहे, पण नवशिक्याला तो पुरा उतरायचा म्हणजे पाय गळून जातात आणि मधे "बास, आता केबिन" म्हणायची सोयच नाही. खालचा बर्फ ओला झाला असला तरी गोंडोला पुन्हा पकडायला तिथपर्यंत यावंच लागतं.

मग मधे एक स्टेशन टाकायला काय जातं? मलाही आधी असंच वाटायचं. केबिन दोराला घट्ट पकडून सेकंदाला पाच-सहा मीटरने जात असते, स्टेशनात पकड सुटते, टायरांवर वेग कमी होतो, माणसं चढली की परत वेग घेऊन दोर पकडते. चालू लाईनवर हे मधे बसवायचं तर दोर तिथे जमिनीपर्यंत खाली आणावा लागतो, आजूबाजूचे खांब बदलावे लागतात, शिवाय आणखी एका स्टेशनचा रोजचा स्टाफ. आणि केबिन खालूनच भरून आल्या तर मधल्या माणसांनी बसायचं कुठे, म्हणून त्यांच्यासाठी काही केबिन मुद्दाम रिकाम्या सोडाव्या लागतात. लाईन नवीन बांधतानाच हे केलेलं बरं.

"नवीन फास्ट लिफ्ट" अशी जाहिरात दिसली तरी एक लक्षात घ्या. जुनी चार सीटची चेअर काढून वेगवान चार सीटची लावली तर प्रवास निम्म्या वेळात होतो, रांग निम्मी होत नाही, कारण तासाला किती माणसं जातात ते दोन खुर्च्यांमधल्या सेकंदांवर ठरतं. आणि सीट वाढवल्या तर तेवढी जास्त माणसं त्याच उतारावर येतात. अमेरिकेत पार्क सिटीला २०२२ मध्ये रहिवाशांनी गर्दी आणि पार्किंगच्या मुद्द्यावर दोन नव्या लिफ्टना हरकत घेतली, परवानगी रद्द झाली आणि त्या लिफ्ट व्हिसलरला गेल्या, त्यातली आठ सीटची २०२३ मध्ये फिट्झसिमन्स म्हणून चालूही झाली.

मी काय निवडेन? पुण्याहून आठवड्याची सुट्टी असेल तर गुलमर्गच, सगळ्यांची फेज वन काढा आणि फेज टू फक्त वर जाणाऱ्यांची. डेन्व्हरकडे कोणी राहत असेल आणि लहान मुलं असतील तर डोळे मिटून स्टीमबोट. व्हँकुव्हरच्या लोकांनी व्हिसलर, पावसाची तयारी ठेवून. किकिंग हॉर्सला सगळे निदान ब्लू (मध्यम अवघड) रन आरामात उतरणारे असतील तरच जा. आणि कुठेही गेलात तरी आधी दोन गोष्टी विचारून घ्या, मधल्या स्टेशनवरून खाली यायला बसू देतात का आणि शेवटची केबिन किती वाजता.